आयटीत जाऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की माझ्या गावाहून, बार्शीहून फोन सुरू होतात. मुलीचा कॉम्प्युटरला नंबर लागतोय, घ्यावं का? एआयमुळे आयटी संपणार म्हणतात, खरं का? मेकॅनिकल करून मग आयटीत जाता येतं का? फोनवर उत्तरं तुटक होतात आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त पगाराचा आकडा राहतो. म्हणून माझं जसं झालं तसं एकदा सलग लिहून काढते आहे. मी २०१३ मध्ये सोलापूरहून ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) करून बाहेर पडले आणि तेव्हापासून पुण्यात जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करते, बहुतेक विमा आणि बँकांच्या सिस्टिमवर.

या नोकरीतलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात जाचक, दोन्ही एकाच गोष्टीतून निघतं, असं माझं मत झालं आहे. आपण लिहिलेला कोड चालू असतो. आपण घरी गेलो, झोपलो, सणाला गावी गेलो, तरी तो कुठेतरी कुणाचा हप्ता कापत असतो, कुणाचा क्लेम पुढे सरकवत असतो. तो नीट चालतोय याचं समाधान फार मोठं आहे. तो अडला की फोन आपल्याला येतो.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगावं लागलं नाही. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. 'प्रॉडक्शन डाउन' म्हणजे लोक वापरत असलेली सिस्टिमच बंद पडणं, हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ब्रेकडाउनची गाडी. गाडी घाटात बंद पडली की आम्हीही रात्रीचे जायचो. तुम्हाला ओव्हरटाइम लागतो का?" मी म्हटलं, नाही लागत. ते त्यांना अजून पटलेलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

आधी चांगलं सांगते, कारण त्याचं ऋण मोठं आहे. आमचा पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांची मिळून एकत्र भरती, झाला तेव्हा अट एवढीच होती : दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, तिन्हीकडे ६० टक्के आणि बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. शाखा कुठलीही चालत होती. ॲप्टिट्यूड, मग टेक्निकल, मग एचआर. आमच्या सात पिढ्यांत कुणी इंजिनिअर नव्हतं, पुण्यात ओळखीचं घर नव्हतं, इंग्रजी जेमतेम होतं. वशिला लागला नाही, डोनेशन लागलं नाही, पैसे भरून परमनंट होण्याची भानगड नाही. माझ्या बरोबरीच्या ज्या मुली डीएड, बीएड करून शिक्षण संस्थांच्या दारात उभ्या होत्या, त्यांचं काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी बघत होते. तालुक्याच्या गावातल्या मुलीला असं सरळ, परीक्षा देऊन आत घेणारं दुसरं क्षेत्र त्या वेळी मला तरी दिसत नव्हतं.

ऑफर लेटरवर वर्षाला सव्वातीन लाख लिहिलेलं होतं. ते सीटीसी, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, आरोग्य विम्याचा हप्ता, कामगिरीवर कमी-जास्त होणारा वर्षाअखेरचा व्हेरिएबल, सगळं धरलेलं. ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग नोकरी झाल्याशिवाय हातात पडत नाही, तरी ती पहिल्या दिवसापासून आकड्यात मोजलेली असते. महिन्याला खात्यात वीस हजारांच्या आसपास यायचे. तेवढ्यावर वाकडला चौघींत एक फ्लॅट, मेसचा डबा, हिंजवडीची बस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता भागायचा, आणि धाकट्याच्या फीला थोडे घरी जायचे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या शब्दाला घरात वजन येतं ते अशा पगारामुळे. लग्नाची घाई माझ्यावर झाली नाही, त्याचं कारणही तेच.

पण ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. जूनमध्ये निकाल लागला आणि जॉइनिंगचा मेल यायला थंडी उजाडली. मधल्या काळात शेजारीपाजारी विचारायचे, लागली होतीस ना नोकरीला? दुसरीकडे जावं तर हातातली ऑफर जाईल ही भीती. पुढे ट्रेनिंग झालं, आणि ट्रेनिंगनंतर बेंच. बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही. रोज कार्ड पंच करून आत जायचं, रिसोर्स मॅनेजरला मेल टाकायचे आणि कुठल्या प्रोजेक्टमध्ये जागा निघते त्याची वाट बघायची.

हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमचं पुढचं सगळं करिअर त्या आठवड्यात कुठे जागा रिकामी आहे त्यावर ठरू शकतं. आमच्या एकाच बॅचमधली एक मैत्रीण मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या मोठ्या संगणकांवर, गेली, एक मॅन्युअल टेस्टिंगला, एकजण क्लायंटच्या एक्सेल रिपोर्टमध्ये चार वर्षं अडकला. हुशारीत कुणी कमी नव्हतं. चार वर्षांनी बाहेर मुलाखती द्यायला गेल्यावर त्या एक्सेलवाल्याला विचारलं गेलं, कोड कधी लिहिला होतास? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फोनवर लोक कंपनीचं नाव विचारतात. मी म्हणते, कंपनी राहू दे, प्रोजेक्ट काय मिळतोय ते विचारा, आणि वर्षभरात बदलून मिळत नसेल तर बाहेरचा अभ्यास सुरू करा.

मला सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला. तेव्हा वाईट वाटलं, कारण नवीन लिहायला काही नाही, दुसऱ्यांनी लिहिलेलं चालू ठेवायचं. तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, येतं, एसएलएचं, म्हणजे क्लायंटला कबूल केलेल्या वेळेचं, घड्याळ सुरू होतं, चार तासांत उत्तर दिलं नाही तर लाल रंग. शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. रात्री दोनला कंपनीच्या कॅबने वाकडला परत यायचं. आज मागे बघताना मात्र वाटतं, मला जे येतं त्यातलं निम्मं तिथेच आलं.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण या कामाचा जीव कशात आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

२०१८ चा डिसेंबर. ३० तारखेला रविवार होता आणि ऑनकॉल, म्हणजे बिघाडाचा फोन घ्यायची पाळी, माझ्याकडे. क्लायंट अमेरिकेतली एक विमा कंपनी. तिच्या ग्राहकांच्या हप्त्यांची फाइल रोज तिकडच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे आपल्याकडे दुपारी, तयार होऊन बँकेकडे जायची. त्या दिवशी बँकेने अख्खी फाइल परत पाठवली. कारण : तारीख फार पुढची. फाइल उघडली तर प्रत्येक ओळीत ३० डिसेंबर २०१९. दिवस बरोबर, महिना बरोबर, वर्ष एकाने पुढे. आदल्या दिवशीची, शनिवारची फाइल व्यवस्थित गेलेली. मधल्या काळात कोडमध्ये काडीचा बदल नाही, कारण वर्षाअखेरीला चेंज फ्रीझ असतो, कुणालाच काही बदलू देत नाहीत.

सर्व्हरचं घड्याळ पाहिलं, बरोबर. डेटाबेसमधली तारीख पाहिली, बरोबर. म्हणजे बिघाड तारीख छापतानाच होत होता. मग जुनी तिकिटं चाळली. बरोबर एक वर्ष मागे, ३१ डिसेंबर २०१७ चं एक तिकीट निघालं. बिघाड तोच, आणि बंद करताना एवढंच लिहिलेलं की फाइलमधलं वर्ष हाताने दुरुस्त करून पुन्हा पाठवली. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरळीत झालं, म्हणून पुढे कुणी पाहिलं नाही. तोही रविवार होता. रविवार आणि वर्षाचा शेवट, हे दोन्ही एकत्र दिसल्यावर मी तारीख छापणारी ती एक ओळ पुन्हा वाचली.

जावामध्ये तारीख कशी छापायची ते इंग्रजी अक्षरांनी सांगतात. वर्षासाठी वाय हे अक्षर चार वेळा लिहायचं. स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे ती तारीख ज्या आठवड्यात पडते त्या आठवड्याचं वर्ष. अमेरिकी पद्धतीत आठवडा रविवारी सुरू होतो, आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो नव्या वर्षाचा पहिला आठवडा धरतात. १ जानेवारी २०१९ ला मंगळवार होता. म्हणून त्या हिशेबाने रविवार ३० आणि सोमवार ३१ डिसेंबर हे दोन्ही दिवस २०१९ च्या खात्यात गेले. आमच्या कोडमध्ये वाय कॅपिटल होता. वर्षातले बाकी सगळे दिवस दोन्ही वाय एकच उत्तर देतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये केलेल्या टेस्टिंगला हे सापडणं शक्य नाही.

मी वहीत मांडून पाहिलं. हा कोड २०१६ मध्ये लाइव्ह गेलेला. त्या वर्षी ३१ डिसेंबरला शनिवार, म्हणून एकही दिवस चुकला नाही. २०१७ ला एक दिवस. २०१८ ला दोन. पुढे २०१९ ला तीन आणि २०२० ला पाच दिवस चुकणार होते. हाताने दुरुस्त करत बसलो असतो तर दरवर्षी कुणाचा तरी वर्षअखेरचा आठवडा त्यात गेला असता, आणि एखाद्या वर्षी घाईत वर्ष चुकीचं दुरुस्त होऊन हजारो लोकांच्या हप्त्यांचा घोळ झाला असता.

ती मांडणी जुळली त्या वेळी जे वाटलं, त्यासाठी मी अजून या क्षेत्रात आहे. कुणीतरी नेमून दिलेलं काम उरकल्याचा तो आनंद नव्हता. समोर एक गोष्ट विनाकारण बिघडल्यासारखी दिसत होती आणि तिला कारण निघालं. शेवटच्या अक्षरापर्यंत पटणारं कारण. असं रोज होत नाही. पण ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काम गोड लागणार नाही, आणि ज्याला हे नको वाटतं त्याने केवळ पगारासाठी इथे येऊ नये, असं मी मनापासून सांगते.

आता त्याच प्रसंगाची दुसरी बाजू. बदल एका अक्षराचा. पण फ्रीझ चालू, म्हणजे इमर्जन्सी चेंज काढायचा, त्याला क्लायंटच्या दोन मॅनेजरांची मंजुरी, आणि त्यांच्याकडे नाताळ-नववर्षाच्या सुट्ट्या. रात्री नऊपासून ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र फोनवर, बसले. एकेक माणूस येणार, पहिल्यापासून सगळं ऐकणार, रिस्क काय ते विचारणार. तोवर आम्ही अख्ख्या कोडमध्ये कॅपिटल वाय आणखी कुठे आहे ते शोधून काढलं, तर दोन ठिकाणी होता. पहाटे चारच्या सुमाराला बदल लाइव्ह गेला, रविवारची फाइल नव्याने बनवून पाठवली, बँकेने घेतली. सोमवारी सकाळी साडेनऊला माझी नेहमीची मीटिंग होती आणि तिला मी हजर होते. जागरणाची भरपाई म्हणून रजा मिळाली नाही, पैसेही नाहीत. त्या वर्षीच्या अप्रेझलला मला मधलं रेटिंग पडलं. मॅनेजरांनी सांगितलं की बेल कर्व्हमध्ये वरची जागा एकच होती आणि ती ज्याचं प्रमोशन ठरलं होतं त्याला द्यावी लागली. काम चांगलं झालं हे त्यांनाही मान्य होतं. पण टीममधल्या इतक्या टक्के लोकांना इतकंच रेटिंग, हे आधीच ठरवून ठेवलं की चांगल्या टीममध्ये चांगल्या माणसावर अन्याय होणारच. ही पद्धत चुकीची आहे, आणि मी आज रेटिंग देणाऱ्यांच्या बाजूला बसत असूनही तेच म्हणते.

परदेशाचंही विचारतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. २०१६ मध्ये कंपनीने माझा एच-वन-बीचा, म्हणजे अमेरिकेत काम करण्याच्या व्हिसाचा, अर्ज भरला होता. जागा ८५,००० : ६५,००० सर्वांसाठी, २०,००० अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी. त्या वर्षी अर्ज आले २,३६,००० च्या वर. लॉटरी निघाली, माझं नाव आलं नाही. टीममधल्या ज्याचं आलं तो आज न्यू जर्सीला आहे, घर घेतलंय, मुलं तिकडच्या शाळेत आहेत, पण ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग सरकतच नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, हा विचार त्याच्या डोक्यातून जात नाही. त्यात सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचं शुल्क लावलं गेलं. ऑनसाइटचं, म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम करण्याचं, स्वप्न ठेवून या क्षेत्रात येणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. लॉटरीत नाव न येणं म्हणजे अपयश नव्हे. लग्नं जमवणारी मंडळी ते तसं मोजतात, त्याचा मुलांना फार त्रास होतो.

अप्रेझलनंतर मी राजीनामा दिला, आणि नोटीस पिरियड नावाच्या प्रकाराशी गाठ पडली. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो. घेणाऱ्या कंपनीला माणूस हवा असतो महिन्याभरात. मुलाखतीच्या पहिल्याच फोनवर रिक्रूटर विचारते, 'एलडब्ल्यूडी काय आहे?' लास्ट वर्किंग डे ठरलेला नसेल तर फोन तिथेच संपतो. त्यामुळे लोक हातात ऑफर नसताना आधी राजीनामा देतात आणि मग नोकरी शोधायला लागतात. मीही तेच केलं. घरी हे समजावणं अवघड गेलं. अण्णांनी सगळी नोकरी एकाच डेपोत काढलेली, त्यांना हातची नोकरी सोडून दुसरी शोधणं म्हणजे विहिरीत उडी वाटली.

पहिला महिना कुणी विचारत नाही, कारण तुम्ही अजून दोन महिने लांब आहात. दुसऱ्या महिन्यात फोन सुरू होतात. दिवसभर नव्या माणसाला केटी द्यायची, म्हणजे आपलं काम समजावून सोपवायचं, संध्याकाळी मुलाखती. प्रश्न असे : हॅशमॅप आतून कसा चालतो, दोन थ्रेड एकाच वेळी एकाच खात्यावर आले तर काय होईल, ही क्वेरी हळू का चालते. तारखेचा तो किस्सा मी प्रत्येक मुलाखतीत सांगितला आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकला. शेवटी एचआरचा प्रश्न : आत्ताचा सीटीसी किती, मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा. तुमच्या कामाची किंमत तुमच्या कामावर न ठरता मागच्या पगारावर टक्के लावून ठरते. ज्याची सुरुवात कमी पगारावर झाली तो वर्षानुवर्षं मागेच राहतो, आणि त्यात तालुक्याच्या कॉलेजातून आलेलेच जास्त असतात. तरीही कंपनी बदलून मला जेवढी वाढ मिळाली तेवढी आधीच्या पाच वर्षांच्या सगळ्या वाढी मिळून झाली नव्हती. एका जागी निष्ठेने राहणाऱ्याचं नुकसान करणारी ही रचना आहे. मला ती आवडत नाही, पण कुणी सल्ला विचारला तर मी बदलायलाच सांगते.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवते, कारण पहिल्या बदलाच्या वेळी सगळे यातच अडकतात. रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटर हातात आल्याशिवाय बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन पुढे सरकत नाही. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, एकच राहतो, पण जुनी रक्कम नव्या खात्यात आली की नाही ते स्वतः पोर्टलवर बघायचं. आणि आधारवरचं, मार्कशीटवरचं आणि पीएफवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि त्यावरून पीएफचा क्लेम परत येतो.

नव्या कंपनीत स्थिरावते न स्थिरावते तोच मार्च २०२० आला. लॅपटॉप घेऊन बार्शीला गेले आणि बराच काळ तिथूनच काम केलं. पुण्याचा पगार आणि आईच्या हातचं जेवण, रोजची भूमकर चौकातली गर्दी नाही. हा फायदा खरा होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या काळात झालं आणि मी जवळ होते, हे दुसऱ्या कुठल्या नोकरीत जमलं असतं असं वाटत नाही. मात्र ऑफिस आणि घर यांच्यामध्ये जी भिंत होती ती त्याच काळात पडली, आणि ती आजतागायत पुन्हा उभी राहिली नाही. पूर्वी रात्रीचा फोन आला तर निदान तो अपवाद समजत असत. आता रात्री दहाला मीटिंग ठेवताना कुणी विचारतसुद्धा नाही.

१० डिसेंबर २०२१ चा शुक्रवार आमच्या पिढीतल्या जावावाल्यांपैकी कुणी विसरणार नाही. लॉगफोरजे या लायब्ररीतली, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या तयार कोडमधली, फट जगासमोर आली. लॉग लिहिणं म्हणजे प्रोग्रामने आपली डायरी लिहिणं, कोण आलं, काय मागितलं, काय चुकलं. त्या लायब्ररीत असं होतं की डायरीत ठरावीक धाटणीची एक ओळ उतरली की सर्व्हर त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवायचा. म्हणजे बाहेरच्या कुणीही लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती ओळ टाकली तरी पुरे. आणि ही लायब्ररी जावाच्या असंख्य सिस्टिममध्ये होती. आमच्याकडे किती ठिकाणी आहे याची यादीच कुणाकडे नव्हती, कारण ती दुसऱ्या लायब्ररींच्या पोटातून आलेली. तो शनिवार-रविवार यादी करण्यात गेला. दुरुस्त केलेली २.१५ ही आवृत्ती बसवली, तर दोन-चार दिवसांत २.१६ आली. ती बसवतोय तोवर २.१७. नाताळनंतर २.१७.१. प्रत्येक वेळी सगळ्या सिस्टिम पुन्हा टेस्ट करून लाइव्ह न्यायच्या.

त्या दिवसांत मला दोन गोष्टी एकदमच जाणवल्या. आपण घरी बसून करतोय त्या कामावर लाखो लोकांचे पैसे सुरक्षित राहणार आहेत, याचा अभिमान. आणि ज्यावर जगातल्या बँका उभ्या आहेत ती लायब्ररी मोजके स्वयंसेवक आपला वेळ देऊन सांभाळतात, त्यांना त्या आठवड्यात झोप नव्हती आणि वर लोकांच्या शिव्या खाव्या लागत होत्या, याचा संताप. त्यानंतर मी स्वतः ओपन सोर्समध्ये, म्हणजे अशा सर्वांना खुल्या कोडमध्ये, छोट्या दुरुस्त्या पाठवायला लागले. कॉलेजातल्या मुलांनी हे जरूर करावं. तिथे पदवी कुणी विचारत नाही, पाठवलेला बदल बरोबर आहे का एवढंच बघतात.

शरीराचं थोडक्यात. मान, डोळे, ॲसिडिटी, ड जीवनसत्त्व, हे बहुतेकांना तिशीतच गाठतं. रात्रपाळीच्या वर्षांत माझी पाळी पार बिघडली होती आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते झोपेचंच. त्याहून मोठा प्रश्न मला बायकांच्या गळतीचा वाटतो. माझ्याबरोबर लागलेल्या मुली संख्येने जवळपास मुलांइतक्या होत्या. आज आर्किटेक्ट, लीड या पातळीवर मीटिंगमध्ये बऱ्याचदा मी एकटीच असते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, ती मिळालीही. पण परत आल्यावर जुना प्रोजेक्ट नसतो, पुन्हा बेंच, आणि ऑनकॉल जमणार नाही म्हटलं की हलकं काम. हलकं काम घेतलं की दोन वर्षांत माणूस मागे पडतो. हुशार मुली अशा एकेक करून टेस्टिंगला, मग एचआरला, मग घरी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. रात्रीच्या फोनची जबाबदारी सगळ्यांवर सारखी आणि मोजून वाटलेली असती, तर त्यातल्या निम्म्या तरी टिकल्या असत्या.

आणि एआय. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, त्यानंतर आमचं रोजचं काम खरोखर बदललं. युनिट टेस्ट (कोडच्या एकेका तुकड्याची चाचणी), एखादं छोटं फंक्शन, जुन्या कोडचा अर्थ लावणं, हे आता टूल झपाट्याने करतं आणि बरंचसं नीट करतं. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या-वरच्या पदांवरचे जास्त असल्याचं सांगितलं. ते ऐकून आमच्या मजल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. घराचे हप्ते सगळ्यांचेच चालू आहेत.

मला स्वतःच्या नोकरीपेक्षा नव्याने येणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. आम्ही जी छोटी कामं करत शिकलो, तीच टूलकडे गेली. कोड लिहिणं हे या कामातलं सगळ्यात अवघड अंग कधीच नव्हतं. चालू असलेली सिस्टिम का बिघडली हे शोधणं अवघड आहे, आणि ते शिकायला जुन्या कोडमध्ये दिवसचे दिवस काढावे लागतात. टूलने दिलेलं उत्तर बरोबर आहे का हे सांगायला तीच नजर लागते. मग ती नजर यायची कुठून? त्यामुळे आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांना पहिले काही महिने मी मुद्दाम प्रॉडक्शनच्या तिकिटांवर बसवते. आधी स्वतः लॉग वाचायचा, आपला अंदाज तिकिटात लिहायचा, त्यानंतर टूलला विचारायचं. उदगीरहून आलेल्या एका मुलाने नुकताच असा एक बिघाड शोधला : दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक, त्यामुळे अधूनमधून टोकन, म्हणजे लॉगिनचा तात्पुरता पास, जारी होण्याआधीच वापरलं गेल्यासारखं दिसायचं आणि लॉगिन नाकारलं जायचं. टूल त्याला पासवर्डच्या कोडमध्येच फिरवत होतं. त्याने दोन लॉग शेजारी शेजारी ठेवले आणि वेळा जुळवल्या.

ऑनकॉलचा रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, आता मी लावते. त्यात तीन नियम घातले आहेत. रात्री ज्याला फोन आला त्याची दुसऱ्या दिवशीची दुपारपर्यंतची वेळ मोकळी. कारण सापडल्याशिवाय तिकीट बंद करायचं नाही, तात्पुरतं दुरुस्त केलं असेल तर तसं लिहून ते उघडंच ठेवायचं. आणि बाळंतपणाहून आलेल्या मुलीला मुख्य सिस्टिमवरच परत घ्यायचं, रोट्यात मात्र तिने सांगितल्यावरच. पहिले दोन वरून मान्य झाले. ऑनकॉलच्या भत्त्याची आणि तिसऱ्या नियमाची फाइल अजून एचआरकडे आहे, आणि मी दर तिमाहीच्या मीटिंगला ती विषयपत्रिकेवर घेते.